नवा गाइड डॉग घरी आल्यावर पहिले काही महिने

‘द सीइंग आय’ ही गाइड डॉगची, म्हणजे दृष्टिहीनांना वाटेनं नेणाऱ्या कुत्र्यांची शाळा न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनला आहे. पार्सिपनी-एडिसन भागातल्या मराठी कुटुंबांना ती गाडीनं फार लांब नाही. तरी घरातल्या कुणाची दृष्टी गेली की या वाटेचा विचार करायला आपली माणसं कचरतात. कुत्र्याच्या भरवशावर रस्ता ओलांडायचा, ही कल्पनाच त्यांच्या पचनी पडत नाही. हा भरवसा कसा तयार होतो ते इथं टप्प्याटप्प्यानं सांगतो. उदाहरणं अमेरिकेतली आहेत. इतर देशांतल्या शाळांचे नियम थोडे वेगळे असतील, पण कुत्रा आणि माणूस एकमेकांना ओळखू लागतात ते सगळीकडे याच रीतीनं.

शाळेत जाण्याआधी

गाइड डॉगला पत्ता कळत नाही. ‘औषधाच्या दुकानात चल’ म्हटलं की तो नेईल, असं होत नाही. कुठं वळायचं, किती चौक ओलांडायचे हे माणसालाच ठाऊक असावं लागतं. म्हणून आधी पांढरी काठी घेऊन एकट्यानं फिरता आलं पाहिजे. काठी नीट वापरता येत नाही म्हणून कुत्रा घेऊ, असा विचार कुणी करत असेल तर त्यानं तो थांबवावा आणि आधी काठीचं शिक्षण पूर्ण करावं. कुत्रा आजारी पडला की त्या दिवशी काठीच हातात येते.

अर्ज केल्यावर प्रशिक्षक तुमच्यासोबत चालून बघतो. कुत्र्याच्या जागी तो स्वतः हार्नेस, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर चढवायचा मूठ असलेला साज, धरतो आणि तुम्ही त्याची मूठ पकडून मागोमाग चालायचं. याला ‘जुनो वॉक’ म्हणतात. तुमची चाल किती वेगवान, ओढ किती सोसते, आवाज कसा आहे, हे त्यातून कळतं आणि त्यावरून कुत्रा निवडला जातो. इथं उगाच झपाझप चालून दाखवू नका. रोज जसे चालता तसेच चाला, नाहीतर तुमच्या पायांना न झेपणारा कुत्रा वाट्याला येईल.

पैशांची धास्ती घेऊ नये. पहिल्या कुत्र्यासाठी सीइंग आय विद्यार्थ्याकडून १५० डॉलर घेते आणि पुढच्या प्रत्येकासाठी ५०. बाकीचा खर्च देणग्यांतून भागतो.

पहिली भेट

कुत्रा तुमच्यापर्यंत येतो तेव्हा त्यानं दोन ताटातुटी सोसलेल्या असतात. पिल्लू असताना तो एका स्वयंसेवक कुटुंबात वाढतो. मग शाळेत परततो आणि काही महिने एका प्रशिक्षकाच्या हाताखाली शिकतो. त्या प्रशिक्षकावर त्याचा जीव जडलेला असतो. म्हणून पट्टा तुमच्या हातात आला तरी पहिले काही दिवस तो दाराकडे तोंड करून बसेल, प्रशिक्षकाचा आवाज ऐकला की शेपूट हलवेल, तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. याचं वाईट वाटतं, आणि वाटणारच. पण ज्या कुत्र्याला एका माणसाचा इतका लळा लागू शकतो, त्याला तुमचाही लागेल.

या दिवसांत करायचं एवढंच: पट्टा सतत तुमच्याजवळ. जमिनीवर त्याच्या शेजारी बसा, त्याला हात-पाय हुंगू द्या, हळू आवाजात नाव घेत राहा. मिठ्या मारू नका, त्याला ओढून जवळ घेऊ नका. खाणं, पाणी, शी-शूला नेणं, विंचरणं हे सगळं फक्त तुमच्या हातून झालं पाहिजे. रात्री तो तुमच्या पलंगाशेजारी बांधलेला असावा, म्हणजे झोपेतही तुमचा श्वास त्याच्या कानावर पडतो.

हार्नेस धरायला शिकणं

हार्नेसची कडक मूठ डाव्या हातात, पट्टाही त्याच हातात, उजवा हात मोकळा. नवखा माणूस मूठ आवळून धरतो आणि कुत्र्याला मागे खेचतो. बोटं सैल ठेवा, खांदा खाली सोडा. कुत्रा थोडा पुढे ओढतो आणि त्या ओढीतूनच तुम्हाला सगळं कळतं: तो डावीकडे सरकला, वेग कमी केला, थबकला. आवळलेल्या मुठीत यातलं काहीच पोचत नाही.

आज्ञा मोजक्या असतात: फॉरवर्ड, लेफ्ट, राइट, आणि लक्ष भरकटलं किंवा चाल मंदावली की हप-अप. कुत्रा हे शब्द इंग्रजीतच शिकलेला असतो, तेव्हा ते तसेच ठेवा आणि घरातल्या सगळ्यांनाही तेच वापरायला सांगा. शाबासकी मात्र खुशाल मराठीत द्या. ‘शाब्बास रे माझ्या राजा’ यातला आनंद त्याला सुरावरून कळतो. लोकांसमोर रस्त्यात कुत्र्याशी लाडानं बोलायला अनेकांना, विशेषतः पुरुषांना, अवघड वाटतं. ते अवघडलेपण पहिल्याच आठवड्यात सोडा. कुत्रा तुमच्या आवाजातल्या आनंदासाठी काम करतो, तो कंजूषपणे दिलात तर त्याचं काम ढिलं पडतं.

कुणाचं काम काय

रस्ता माहीत असणं आणि केव्हा ओलांडायचं ते ठरवणं ही तुमची जबाबदारी. सिग्नलचा हिरवा-लाल कुत्रा ओळखत नाही. तुमच्या चालण्याच्या दिशेनं जाणाऱ्या गाड्या सुटल्याचा आवाज ऐकून तुम्ही ‘फॉरवर्ड’ म्हणायचं. फुटपाथची कड आली, जिना आला की थांबणं, खांब-कुंड्या-माणसं टाळणं, डोक्याला लागेल अशी फांदी चुकवणं हे कुत्र्याचं काम.

आणि एक काम या सगळ्यांच्या वरचं: तुम्ही ‘फॉरवर्ड’ म्हणालात आणि समोरून गाडी वळून आली, तर त्यानं आज्ञा मोडायची. तो पुढे जात नाही, मागे सरतो किंवा तुमच्या पायांपुढे आडवा येतो. प्रशिक्षक मुद्दाम गाड्या समोर आणून याचा सराव करून घेतात. हल्लीच्या विजेवरच्या गाड्या हळू चालताना फार आवाज करत नाहीत, त्यामुळे हे शिक्षण आणखी मोलाचं झालं आहे.

कुत्रा थांबला की पहिला नियम: त्याला ढकलू नका. आधी पाय पुढे सरकवून चाचपा, मग उजवा हात पुढे आणि वर फिरवा. कड, खड्डा, फांदी, उघडी राहिलेली ट्रकची फळी, काहीतरी सापडेल. सापडलं की तिथंच भरभरून कौतुक करा आणि मग पुढे निघा. काहीच सापडलं नाही तरी रागावू नका. आज्ञा पुन्हा द्या, तरीही तो हलला नाही तर वाटेनं जाणाऱ्याला विचारा. खरा धोका दाखवणाऱ्या कुत्र्याला दोन-चारदा ओरडा बसला, तर पुढच्या वेळी तो दाखवायचं सोडून देईल.

१९२८ साली नॅशविलचा मॉरिस फ्रँक नावाचा दृष्टिहीन तरुण स्वित्झर्लंडला जाऊन बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन आला. न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरल्यावर पत्रकारांनी त्याला वेस्ट स्ट्रीट हा वाहनांनी गजबजलेला रस्ता ओलांडून दाखवायला सांगितलं. भोवतीच्या गोंगाटात त्याचं दिशेचं भान सुटलं आणि त्यानं सगळं बडीवर सोपवलं. दोघं पलीकडे सुखरूप पोचले. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, त्यानं स्वित्झर्लंडमध्ये कुत्री तयार करणाऱ्या डोरोथी युस्टिस यांच्यासोबत सीइंग आय सुरू केली. मात्र बडीवर असं विसंबण्याआधी त्यानं स्वित्झर्लंडमध्ये काही आठवडे तिच्यासोबत रोज चालून घेतलं होतं, हे विसरू नये.

चूक झाली की

कुत्र्यानं खांबाला तुमचा खांदा घासला किंवा कडेला न थांबता पुढे गेला, तर लगेच थांबा. ज्याला धडकलात त्यावर हातानं थोपटून त्याचं लक्ष वेधा, काही पावलं मागे जा आणि तोच तुकडा पुन्हा चाला. यावेळी बरोबर केलं की शाबासकी. चूक तशीच सोडून पुढे जाऊ नका आणि घरी आल्यावर रागावू नका, तोवर त्याला त्याचा अर्थ लागत नाही. एका जागी सारखं अडत असेल तर तिथं खाऊ द्या. अनेक शाळा विशिष्ट दरवाजा, बाकडं किंवा सिग्नलचं बटण शोधायला असंच शिकवतात.

घरी आल्यावर

शाळेतला मुक्काम काही आठवड्यांचाच असतो, खरी कसोटी घरी. पहिल्या दिवशी घरभर मोकळं सोडू नका. पट्ट्यावर घेऊन एकेक खोली दाखवा, पाणी कुठं, झोपायचं कुठं, बाहेर जायचं दार कोणतं. पुढचे काही आठवडे घरातही तो बराच वेळ तुमच्याजवळ पट्ट्यावर असू द्या.

शी-शूच्या वेळा घड्याळानुसार ठेवा: उठल्या उठल्या, खाल्ल्यानंतर, झोपण्याआधी, आणि दुपारी-संध्याकाळी एकदा. जागा एकच. हार्नेस काढून फक्त पट्ट्यावर न्या, म्हणजे काम वेगळं आणि ही वेळ वेगळी हे त्याला उमजतं. तो बसला की त्याच्या पाठीवर अलगद हात फिरवा. पाठ कमानीसारखी वाकली असेल तर शी, जवळपास सरळ असेल तर शू. पाय त्याच्या मागच्या पायांजवळ रोवून ठेवलात तर उचलायची जागा चुकत नाही. पिशवी हातावर उलटी चढवा, उचला, गाठ मारा. हे स्वतः करता येणं फार महत्त्वाचं आहे, यासाठी रोज दुसऱ्याला हाक मारावी लागली तर कुत्रा आणून मिळवलेलं स्वातंत्र्य अर्धं राहिलं.

घरच्यांसाठी नियम कडक, आणि मराठी घरात तो पाळून घेणं सोपं नसतं. आजी-आजोबांचा जीव असतो, मुलं हट्ट करतात, हळदीकुंकवाला किंवा गणपतीला आलेली मंडळी प्रेमानं पुढ्यात काहीतरी टाकतात. सगळ्यांना आधीच स्पष्ट सांगा: हार्नेस अंगावर असताना हात लावायचा नाही, नावानं हाक मारायची नाही, आणि खायला तर कधीच द्यायचं नाही. यात शिष्टाचारापलीकडचं कारणही आहे. शिऱ्यातले, चिवड्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातल्या लाल पेशींवर परिणाम करतात. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ आणि चॉकलेटही घातक. सणाच्या दिवशी जमिनीवर पडलेलं तातडीनं झाडून घ्या.

दिवसातून एकदा हार्नेस काढून मनसोक्त खेळा. रोज विंचरा. विंचरताना हाताला गाठ, जखम, गोचीड लागते, कानाचा वास बदललेला कळतो. न दिसणाऱ्या माणसासाठी ही कुत्र्याची रोजची तपासणीच असते, आणि दोघांनाही ती आवडू लागते.

रस्ते एकेक करून वाढवा. आधी घरापासून जवळचा, सरळ, ओळखीचा. तो सहज जमला की दुसरा. पहिल्याच आठवड्यात न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला जायचा मोह टाळा. साधारण सहा महिने ते वर्षभर लागतं जोडी नीट बसायला. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कुत्रा मुद्दाम परीक्षा घेऊ लागतो, शिकलेलं विसरल्यासारखं करतो. तेव्हा न चिडता, न सैलावता रोजची उजळणी चालू ठेवायची.

आधीचा कुत्रा गेला असेल तर

ज्यांचा हा दुसरा किंवा तिसरा कुत्रा आहे, त्यांच्या मनात आधीचा असतोच. तो असं वळायचा, त्याला सांगावं लागायचं नाही. ही तुलना टाळता येत नाही, पण तुम्हाला आठवतो तो आठ-दहा वर्षांचा मुरलेला सोबती, आणि हातात आहे तो दोन वर्षांचा पोर. जुन्याची पहिल्या सहा महिन्यांतली धडपड आठवून बघा. नव्याला जुन्याच्या नावानं हाक मारली गेली तर अपराधी वाटून घेऊ नका, शोक करायला वेळ द्या. फार जड जात असेल तर पुढच्या कुत्र्यासाठी थोडं थांबणंही योग्यच.

बाहेर वावरताना

अमेरिकेत अपंगांच्या हक्कांच्या कायद्यानुसार, म्हणजे एडीएनुसार, दुकान, हॉटेल, टॅक्सी यांना गाइड डॉग नाकारता येत नाही. कर्मचारी दोनच प्रश्न विचारू शकतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि तो कोणतं काम करायला शिकलेला आहे. ओळखपत्र मागता येत नाही. पण धार्मिक संस्थांना हा कायदा लागू होत नाही, म्हणून देवळात जाण्याआधी फोन करून बोलून घ्या. दारातल्या वादापेक्षा विश्वस्तांशी आधी झालेलं बोलणं बरं.

हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठानं पंजे चिरतात, घरी आल्यावर कोमट पाण्यानं धुवा. उन्हाळ्यात हाताची मागची बाजू काही सेकंद डांबरावर टेकवून बघा, तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसेल. ४ जुलैला आणि दिवाळीत फटाके सुरू होण्याआधीच त्याचं बाहेरचं उरकून घ्या.

भारतात येणार असाल तर तयारी काही महिने आधी सुरू करा. रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांच्या सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या, यादीत भारत आहे, आणि १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्याला अमेरिकेत परत आणण्याचे नियम कडक झाले आहेत. अमेरिकेत दिलेल्या लसीचं सरकारी शिक्का असलेलं प्रमाणपत्र निघण्याआधीच घ्यावं लागतं, अमेरिका सोडल्यावर ते मिळत नाही. भारतात उतरायला वेगळं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. आठ तासांच्या किंवा त्याहून लांब विमानप्रवासात कुत्र्याच्या शी-शूची सोय कशी करणार, याचा फॉर्मही विमान कंपनी मागू शकते. तिकीट काढण्याआधी शाळेला फोन करा. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरची भटकी कुत्री, फुटपाथ आणि उकाडा लक्षात घेता त्याला न्यावं की ओळखीच्या माणसाकडे ठेवून काठी घेऊन यावं, हे त्या विशिष्ट कुत्र्याला ओळखणारा प्रशिक्षक तुमच्यासोबत बसून ठरवतो.