प्लॉट घेताय? आधी ‘इतर अधिकार’ वाचा

एजंट सातबारा दाखवतो तेव्हा त्याचं बोट मालकाच्या नावावर असतं. तुम्ही नजर उजवीकडच्या ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ या रकान्यावर न्या. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींचे हक्क, बरंचसं तिथेच दडलेलं असतं. ‘भोगवटादार वर्ग २’ दिसलं, तर विक्रीला सरकारी परवानगी लागते. ‘ते करून देतो हो’ एवढ्यावर इसार देऊ नका. झेरॉक्सवर तर मुळीच विसंबू नका, डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. त्यावरच्या क्रमांकांवरून फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या जुन्या नोंदी, काढून एकेक वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण वाटणीत कोणाचं नाव गळलंय ते त्यातच कळतं.

एन.ए. (बिगरशेती) आदेश आणि मंजूर लेआउट मागा. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा घेताच येत नाही.

आणि रस्ता! जागेवर दिसणारी बैलगाडीची वाट नकाशात नसेल, तर शेजारी उद्या तिथे तारेचं कुंपण घालतो. सरकारी मोजणी करून घ्या आणि खुणा रोवताना स्वतः हजर राहा. जमलं तर जागा पावसाळ्यात बघा; मे महिन्यात ठणठणीत कोरडा दिसलेला प्लॉट जुलैत तळं झालेला असू शकतो.