तुरुंगातल्या माणसाला मदत करायची तर आधी वही घ्या

पोस्टात माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी बेळगाव भागातल्या काउंटरवर. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हिंडलगा जेलच्या पत्त्यावर मनिऑर्डर करायला बायका यायच्या. तेव्हाच्या फॉर्मला खाली निरोपासाठी चार बोटं जागा असायची. खानापूरकडची एक आई दर महिन्याला दोनशे रुपये पाठवायची. लिहिता येत नव्हतं, म्हणून मला म्हणायची, "बाई, तुम्हीच लिवा की." एकदा तिने सांगितलं, "म्हैस व्याली. रेडी झाली. खरवस केला नाही." तेवढंच मी लिहिलं. निघताना तिने विचारलं, "त्याची पुढची तारीख कवा हाय, तुम्हाला कळंल का?" मला सांगता आलं नाही.

निवृत्त झाल्यावर आम्ही पाच जणींनी कैद्यांच्या घरच्यांना मदत करायचं हे काम सुरू केलं ते त्या प्रश्नापासून. आमच्या मंडळाला नाव नाही, लेटरहेड नाही. पण हल्ली बरेच जण विचारतात की अशी संस्था कशी काढायची, म्हणून लिहिते.

संस्था काढू नका, निदान पहिलं वर्षभर तरी. कर्नाटकात सोसायटी नोंदवायला सात माणसं लागतात. त्या सातांत अध्यक्ष कोण यावरच सहा महिने जातात आणि मग पंधरा ऑगस्टला जेलमध्ये बिस्किटं वाटून फोटो निघतो. जेलच्या आत जाऊन काही करायचं असेल, म्हणजे वर्ग, योगासनं, भजन, तर कारागृह खात्याची लेखी परवानगी लागते आणि तिथे नोंदणी विचारतात. बाहेर राहून कैद्याच्या घरच्यांना मदत करायला मात्र कुणाचीच परवानगी लागत नाही, आणि खरी अडचण तिथेच असते.

तर आधी एक दोनशे पानी वही घ्या. एका घराला दोन पानं. कैद्याचं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, पोलीस ठाणं, गुन्हा नंबर, कोर्ट, केस नंबर, आणि सगळ्यात महत्त्वाचा सीएनआर नंबर. हा सोळा अक्षरी-अंकी नंबर प्रत्येक खटल्याला असतो. ई-कोर्ट्स नावाचं सरकारी ॲप मोबाइलवर घेऊन त्यात तो टाकला की पुढची तारीख फुकट दिसते. ती तारीख सांगायचे दोनशे-तीनशे रुपये घेणारी माणसं कोर्टाच्या आवारात मी पाहिली आहेत. आईच्या हातात तारीख कागदावर लिहून द्या, मराठीत, वारासकट. 'अठरा तारीख' लक्षात राहत नाही, 'गुरुवार' राहतो.

पहिल्या भेटीत "त्याने काय केलं?" हे विचारायचं नाही. कलम कागदावर असतंच. आमच्यातली एक सुरुवातीला हमखास विचारायची आणि समोरची बाई तासभर शपथा घेत बसायची. कामाचं बोलणं राहून जायचं. हिंडलगा तुरुंग १९२३ सालचा. आमच्या मराठी घरांत त्याचं नाव सीमालढ्यामुळे मानाने घेतलं जातं, सत्याग्रहात आत गेलेल्यांना लोक हार घालून घरी आणायचे. चोरीत आत गेलेल्याची बायको नळावर आली की बाकीच्या आपापल्या घागरी बाजूला ओढून घेतात. हे तिला आपण सांगायला नको आणि तिने आपल्याला सांगायला नको.

वकिलाचं म्हणाल तर, कोठडीत असलेल्या कुणालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं बारावं कलम तसं सांगतं आणि त्यात उत्पन्नाची अट पाहत नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टाच्या आवारात असतं, फोनवर चौकशीला १५१०० हा नंबर आहे. लोकांना वाटतं फुकटचा वकील म्हणजे नावाला वकील. काही तसे असतातही. पण घर गहाण टाकून केलेला वकीलही तारखेला आला नाही असं माझ्या वहीत एकापेक्षा जास्त पानांवर आहे. अर्ज कानडीत लिहायचा असेल तर अडून बसू नका. आमच्या पाच जणींतली एक वडगावची विणकरीण कानडीत वाढलेली आहे, आमचे सगळे अर्ज तीच लिहिते. सीमाप्रश्न आम्ही घरी ठेवून कोर्टात जातो.

आता जामिनाचं, कारण निम्मी वही यानेच भरली आहे. कच्च्या कैद्याला, म्हणजे खटला अजून चालू असलेल्याला, जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही म्हणून तो आतच राहतो. घरच्यांना वाटतं, जामीन झाला म्हणजे येईलच. जामीनदाराला जमिनीचा किंवा घराचा उतारा आणावा लागतो, आणि आपल्याकडे मुलीचा नवरा चंदगडचा, मामा गडहिंग्लजचा. सातबारा महाराष्ट्राचा. "परराज्यातला जामीनदार चालत नाही" असं कुणी तोंडी सांगितलं की माणसं परत फिरतात. परत फिरू नका, वकिलाला मोती राम खटल्याची आठवण द्या. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचा हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला जामीनदार म्हणून नाकारलं होतं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवलं आणि त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगितलं. आपल्या भागातल्या वकिलांना हा निकाल पाठ असायला हवा.

जामिनाला पैसेच नसतील तर केंद्र सरकारची २०२३ ची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे. त्या वर्षीच्या सूचनांप्रमाणे कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० पर्यंत रक्कम सरकारने भरायची ठरली होती. जिल्ह्यातली समिती ठरवते. अमली पदार्थ, भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, दहशतवाद यांच्या केसेस त्यात बसत नाहीत. जामीन होऊन सात दिवसांत माणूस बाहेर आला नाही तर जेलनेच विधी सेवेला कळवायचं असतं. आम्ही त्याची वाट पाहत नाही, आठव्या दिवशी स्वतः अर्ज घेऊन जातो. महिना उलटला तर जामिनाची अट हलकी करता येईल का याचा विचार कोर्ट स्वतःहून करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलेलं आहे.

आणखी एक हिशेब वहीत मांडून ठेवा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९ वं कलम. आधी कुठल्याच गुन्ह्यात शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर बंधपत्रावर सुटायचा त्याचा हक्क आहे. आधी शिक्षा झालेली असेल तर निम्मा काळ. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना हे नाही, एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तरी नाही. अर्ज जेल अधीक्षकाने करायचा असतो. तीन वर्षं शिक्षेच्या चोरीत वर्ष भरत आलं की आम्ही पानाच्या कोपऱ्यात लाल पेनाने तारीख लिहितो.

मुलाकातीबद्दल, म्हणजे जेलमधल्या भेटीबद्दल, थोडक्यात. ई-मुलाकात नावाच्या सरकारी पोर्टलवर आधी नोंद करता येते. आधार कार्ड मूळ न्या. आत काय चालतं ते गेटवर विचारूनच घ्या. घरून लाडू करून नेऊन परत आणताना रडणारी आई मला पुन्हा पाहायची नाही. कर्नाटकातला पत्ता असलेल्या बाईला जून २०२३ पासून सरकारी साध्या बसला तिकिटाचे पैसे पडत नाहीत, तेव्हा जांबोटीची आई हिंडलग्याला फुकट येऊ शकते. निरोप, चिठ्ठी, पुडी कुणासाठीही आत न्यायची नाही. कुणी कितीही ओळखीचा असो.

सुटकेच्या दिवसावर मात्र मी जास्त बोलणार आहे.

आमच्या अनुभवात सुटका संध्याकाळी होते. कोर्टाचा आदेश दुपारी निघतो, जेलमध्ये पोचतो, तपासणी होते, आणि माणूस गेटच्या बाहेर येतो तेव्हा दिवेलागण झालेली असते. समोर वेंगुर्ल्याचा रस्ता, गाड्या भरधाव. तीन वर्षं आत राहिलेला माणूस तो रस्ता ओलांडताना थबकतो. एकाला मी पाहिलं, पंचविशीचा मुलगा, दोन वेळा पाय पुढे टाकून मागे घेतला. शेवटी माझा हात धरला आणि मग स्वतःच लाजला. त्या वेळी तिथे दुसरं कुणी उभं असतं तर? बऱ्याचदा असतंच. आतल्या ओळखीचा कुणी बाइक घेऊन येतो, जेवण देतो, आणि आठवड्याने त्याची किंमत सांगतो. म्हणून आमचा नियम एकच, गेटवर आधी आपण पोचायचं.

पिशवीत काय ठेवायचं: एक शर्ट, टॉवेल, चपला, पाण्याची बाटली, सुटे पैसे तीनशे रुपये, आणि घरच्यांचा फोन नंबर कागदावर. मोबाइलमधला नंबर उपयोगाचा नाही, त्याच्याकडे मोबाइल नसतो. गेटवरून हलायच्या आधी सुटकेचा कागद, त्याच्या जमा वस्तू आणि पीपीसी खात्यातली, म्हणजे त्याच्या नावावर जेलमध्ये जमा असलेली रक्कम मिळाली का ते विचारून घ्या. शिक्षा भोगून आलेल्याची मजुरी त्यात असते. कर्नाटकाने कैद्यांची मजुरी वाढवली आहे, तेव्हा ही रक्कम आता हसण्यावारी न्यायची राहिलेली नाही. टीबीची किंवा दुसरी औषधं चालू असतील तर जेल दवाखान्याचा कागद हवाच. टीबीचा डोस मध्ये तुटू देऊ नका, गावच्या सरकारी दवाखान्यात ती औषधं फुकट मिळतात.

त्या रात्री त्याला प्रश्न विचारू नका. जेवायला घाला.

दुसऱ्या दिवसापासून कागदांची साखळी, आणि इथे माझी पोस्टातली नोकरी कामाला आली. सिम कार्ड तीन महिने वापरलं नाही तर बंद होतं, तो नंबर दुसऱ्याला जातो. तोच नंबर आधारला जोडलेला असतो. आधारचा ओटीपी येत नाही, म्हणून बँकेचं काम होत नाही. बँकेचं खातं दोन वर्षं उलाढाल नसेल तर निष्क्रिय होतं. खातं बंद म्हणून पगार नाही. माणूस चारही ठिकाणी फिरतो आणि प्रत्येक जण त्याला दुसऱ्याकडे पाठवतो. एका बँकेत तर त्याला विचारलं, "एवढी वर्षं कुठे होता?" तो उत्तर न देता निघून आला आणि महिनाभर तिकडे फिरकला नाही. तेव्हा क्रम असा धरा: आधी नवं सिम. मग आधार केंद्रात किंवा आधारची सोय असलेल्या पोस्टात जाऊन नंबर बदलणं, तिथे बोटाचे ठसे द्यायला त्याला स्वतः जावं लागतं. मग बँकेत केवायसी. रेशन कार्डावर नाव आहे का ते शेवटी. सोबत कुणीतरी जा. तो प्रश्न पुन्हा आला तर उत्तर आपण द्यायचं, "गावी नव्हता."

नोकरीसाठी आम्ही उद्यमबागेतल्या फौंड्र्यांत विचारतो. खोटं सांगून लावलेला माणूस टिकत नाही, दोन वेळा तोंडघशी पडलो. आता मालकाला आधी सांगतो. दहांत आठ नाही म्हणतात. उरलेल्या दोघांना त्याच्या कोर्टाच्या तारखाही सांगून ठेवायच्या, कारण जामिनावरच्या माणसाला तारखेला सुट्टी हवीच. इथे आमच्याच हातून मोठी चूक झाली. एकाची तारीख मी वहीत चुकीच्या पानावर लिहिली. तो कामावर राहिला, कोर्टाने वॉरंट काढलं आणि जामीनदार असलेला त्याचा काका आमच्या दारात. तेव्हापासून तारखा दोघींनी तपासायच्या असं ठरलं.

मोठ्या संस्थांचंही सांगते, कारण सगळं आपल्याच्याने होत नाही. आपल्याकडची पोरं मुंबईला कामाला जातात आणि तिकडेच अडकतात. त्यांच्यासाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून काम करतो. त्यांचे समाजसेवक जेलमध्ये आणि कोर्टात बसतात. प्रिझन मिनिस्ट्री इंडिया ही १९८१ मध्ये केरळात सुरू झालेली कॅथलिक स्वयंसेवकांची संस्था, तिचं कार्यालय बेंगळूरला आहे. महाराष्ट्रात राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये येरवड्यातल्या कैद्यांसाठी 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना काढली, पन्नास हजारांपर्यंत, सात टक्क्यांनी. आत असलेल्या बापाला मुलीच्या फीसाठी कर्ज मिळू शकतं, ही कल्पनाच मला फार आवडली.

शेजारीण एकदा म्हणाली, "ज्याचं डोकं फोडलं त्याच्या घरी जातेस का गं कधी?" राग आला, पण प्रश्न बरोबर होता. पीडितांना भरपाई मिळवून देणारं कार्यालयही तेच, विधी सेवेचं. मी गेले. त्या घरातल्या आजीने चहा दिला, पण अर्जावर सही करायला तिने चार महिने लावले. आता वहीच्या मागच्या बाजूने ती पानं सुरू होतात.

चपलांचं एक राहिलं. नऊ नंबरच्या घ्या. लहान पायाला मोठी चप्पल घरापर्यंत चालते, मोठ्या पायाला लहान चालत नाही.