गावाचं पाणलोट नकाशावर काढताना बिंदू कुठे ठेवायचा

'ओढा मोठा आहे, पाणी येणारच' एवढ्या भरवशावर बंधाऱ्याची जागा ठरलेली मी बरीच गावं पाहिली आहेत. ओढ्याला पाणी किती शिवारातून येतं, म्हणजे त्याचं पाणलोट केवढं, हे आधी मोजायला हवं. त्यासाठी उंचीची उपग्रह-माहिती आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर दोन्ही फुकट मिळतात. हात बसला की एका दुपारचं काम आहे.

आधी जागेवर उभं राहून मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्या. मग उंचीचं मॉडेल उतरवा, म्हणजे जमीन चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीची उंची देणारा नकाशा. बरेच जण अजूनही एसआरटीएम हे जुनं मॉडेल घ्यायला सांगतात. ती मोजणी फेब्रुवारी २००० मधली आहे. त्यापेक्षा युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचं ३० मीटरच्या चौकटीचं मॉडेल घ्या, त्याची मोजणी २०११ ते २०१५ दरम्यानची आहे. गावाच्या हद्दीवर कापू नका, कारण पाणी गावाची हद्द ओळखत नाही. चहूबाजूंनी चार-पाच किलोमीटर जास्तीचे ठेवा. नंतर मॉडेल यूटीएममध्ये, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत, बदला आणि चौकट ३० मीटरचीच ठेवा. ७८ रेखांशाच्या पश्चिमेला विभाग ४३, पूर्वेला ४४. पुण्याच्या सवयीने नागपूरकडे ४३ लावू नका.

क्यूजीआयएसमधून ग्रास या जोड-सॉफ्टवेअरचं 'आर.वॉटरशेड' हे साधन चालवा. त्यातून दोन थर हवेत: प्रवाहाची दिशा आणि साठत जाणारा प्रवाह. दुसऱ्या थरात प्रत्येक चौकटीवर एक आकडा असतो, म्हणजे वरच्या किती चौकटींचं पाणी तिथे येतं. आकड्यापुढे उणे चिन्ह दिसलं तर तुमच्या तुकड्याबाहेरूनही पाणी येत असण्याची शक्यता आहे. तुकडा मोठा घेऊन पुन्हा चालवा.

आता निर्गम बिंदू, म्हणजे ज्या जागेच्या वरचं पाणलोट हवं ती जागा. माझी सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडली आहेत. मोबाइलवर घेतलेला बिंदू 'आर.वॉटर.आउटलेट' या पाणलोट काढणाऱ्या साधनात तसाच टाकायचा, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. तसं करू नका. मोकळ्या आभाळाखाली मोबाइल साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो, पण संगणकाने काढलेला ओढा खऱ्या ओढ्यापासून एक-दोन चौकटी, म्हणजे ३० ते ६० मीटर, सहज सरकलेला असतो. माझा बिंदू बंधाऱ्याच्या भिंतीवर अगदी बरोबर होता आणि उत्तर आलं चार चौकटींचं, म्हणजे अर्ध्या हेक्टरपेक्षाही कमी. बिंदूखालच्या चौकटीवर आकडा होता ४. शेजारच्या चौकटीवर होता ३,२२२. एक चौकट ९०० चौरस मीटरची, म्हणजे ३,२२२ चौकटींचे साधारण २९० हेक्टर. गावाचा ओढा ती शेजारची चौकट होती.

यावर उपाय म्हणून 'बिंदू आपोआप ओढ्यावर सरकवा' असा सल्ला मिळतो. तो मला मान्य नाही. ते साधन ठरावीक अंतरात सगळ्यात मोठा आकडा शोधतं. आमच्या बंधाऱ्याच्या खाली ६० मीटरवर दुसरा ओढा येऊन मिळत होता. साधनाने बिंदू थेट संगमाखाली नेला आणि २९० हेक्टरचे ११०० हेक्टर झाले. तो आकडा धरून सांडवा आणि साठवण ठरली असती, तर गावाने न येणाऱ्या पाण्याची वाट पाहिली असती. म्हणून बिंदू हातानेच ठेवा. प्रवाहाचा थर अर्धपारदर्शक करा, खाली उपग्रहाचं चित्र ठेवा, संगम शोधा, आणि त्याच्या वरच्या अंगाला त्याच ओढ्याच्या चौकटीवर मधोमध टिचकी मारा. आधी आकडा वाचा, गुणाकार करा, पटला तरच पुढे जा. आधीचा तलाव वाटेत असेल तर संगणक त्याच्या सपाट पाण्यावरून सरळ समांतर रेघा ओढतो. त्या रेघांवर बिंदू कधीही ठेवू नका.

पाणलोट निघालं की नकाशा घेऊन शिवारफेरी करा, पाणढाळावरून, म्हणजे पाणलोटाच्या कडेच्या उंचवट्यावरून, चाला. ३० मीटरच्या मॉडेलला दोन मीटरचा रस्त्याचा भराव दिसत नाही, मोरी तर नाहीच. एका गावात पश्चिमेच्या टेकडीचा ६० हेक्टर उतार माझ्या नकाशात होता. रस्त्याकडेला शेत असलेल्या एक बाई म्हणाल्या, "भाऊ, ते पाणी इकडं येतच नाही. मोरीतून खालच्या शिवारात जातं." जाऊन पाहिलं. मोरीच्या नळीत गाळाची ताजी रेघ होती आणि तोंडाशी गवत पलीकडच्या बाजूला आडवं पडलं होतं. ते ६० हेक्टर मी तिथेच नकाशातून वजा केले. फेरीशिवाय काढलेला नकाशा ग्रामसभेपुढे ठेवूच नका.

हिशेब सोपा आहे: एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर. २९० हेक्टरवर ५५० मिलिमीटर पडला तर १,५९५ टीसीएम (हजार घनमीटर). हा पडलेला पाऊस झाला, ओढ्याने येणारं पाणी नव्हे. मुरतं आणि वाफ होतं ते वेगळं काढावं लागतं. हे दोन आकडे एक समजणाऱ्या अहवालावर सही करू नका.

तलावात प्रत्यक्ष किती पाणी पसरलंय, ते सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रावरून पाहा. हिरवा पट्टा ३ आणि निकट-अवरक्त पट्टा ८ घ्या, दोघांच्या वजाबाकीला बेरजेने भागा. शून्याच्या वर येतं ते बहुतेक पाणी. चौकट १० मीटरची असल्याने साधारण ४० चौकटी म्हणजे एक एकर. गढूळ पाणी आणि जलपर्णी इथे फसवतात, म्हणून गाळ बसल्यावरचं ऑक्टोबरअखेरचं चित्र घ्या आणि काठ डोळ्यांनी तपासा. तेच जानेवारीत आणि मार्चमध्ये पुन्हा करा. ऑक्टोबरचा आकडा रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभेत मांडा, म्हणजे गहू किती आणि हरभरा किती, हे पाणी पाहून ठरवता येतं.