चिनी चिकन सूप: कुकर बाजूला ठेवा

सिंगापूरला आल्यावर शेजारच्या कँटोनीज आजींकडून मी हे सूप शिकले. कँटोनीजमध्ये त्याला 'लो फो तोंग' म्हणतात, म्हणजे बराच वेळ आचेवर ठेवलेलं सूप. तरी मला पहिला प्रश्न येतो तो "शिट्ट्या किती?" एकही नाही. अडीच ते तीन तास नसतील तर त्या दिवशी दुसरं काहीतरी करा.

सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे धुतलेली कोंबडी थेट सुपात टाकणं. आधी तुकडे गार पाण्यात ठेवून उकळी आणा आणि तीन-चार मिनिटं उकळू द्या. वर राखाडी फेस येईल. ते पाणी फेकून द्या, तुकडे कोमट पाण्यात चोळून धुवा, हाडांच्या फटीतलं रक्त बोटाने काढा. सुरुवातच उकळत्या पाण्याने केलीत तर मांस बाहेरून आवळतं आणि रक्त आतच राहतं. "चव वाया जाते ना?" नाही जात. चव पुढच्या तीन तासांत उतरते.

मी स्वतः हे एकदाच टाळलं. मैत्रीण बाळंत झाली होती. चिनी घरांतही बाळंतिणीला महिनाभर जपतात आणि आल्याचं, वाळवलेल्या लाल चिनी बोरांचं असं सूप देतात, म्हणून मी तेच करायला घेतलं. घाईत पहिली उकळी वगळली, वर आचही मोठी ठेवली. दीड किलोच्या कोंबडीचं सूप गढूळ झालं, उग्र वास सुटला. तिने एक घोट घेऊन वाटी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून मी ते पुन्हा केलं.

मोठ्या आचेचं कारण साधं आहे. खळखळ उकळीत चरबी फुटून बारीक थेंबांनी पाण्यात मिसळते, मग सूप नितळ होत नाही. एक उकळी आली की आच इतकी कमी करा की अधूनमधून एखादा बुडबुडा येईल. झाकण सारखं उघडू नका.

या सुपात दांग गुई हे चिनी औषधी मूळ मूठभर घालणारेही भेटतात. दोन पातळ चकत्या पुरतात, नाहीतर सूप कडू होतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर घालूच नका.

पाणी सुरुवातीलाच पूर्ण घाला, दीड किलोला साधारण तीन लिटर. कमी पडलं तर उकळतंच घाला. बोरांच्या बिया काढा. गोजी बेरी (वाळवलेली छोटी लाल फळं) शेवटच्या दहा मिनिटांत, मीठ अगदी शेवटी. हळद, गरम मसाला कृपा करून नको.

आणि ब्रॉयलर आणू नका, त्याचा तासाभरात भुगा होतो. अंडी देऊन झालेली जून गावठी कोंबडी घ्या. चीनमध्ये काळ्या मांसाची सिल्की वापरतात. भारतात करत असाल तर कडकनाथ घेऊन बघा, तिचंही मांस काळंच असतं. तयार सूप रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वरची चरबी उचलली की खालचं सूप जेलीसारखं थरथरायला हवं.