पिल्लू एकाएकी भेकड झालं तं काय करायचं

कालपर्यंत वावरात तुमच्या मागंमागं पळणारं पिल्लू आज फडफडणारी ताडपत्री पाहून भुंकते, मागं सरकते, बाजेखाली घुसते, तं त्याचं काही बिघडलं नाही भाऊ, वयच तसं असते. साधारण 8 ते 11 आठवड्यांच्या मधात एकदा असं होते अन् 6 महिन्यांनंतर वर्ष-सव्वा वर्षाचं होईपर्यंत कधीतरी पुन्हा. दुसऱ्या खेपेला लोक जास्त चिडतात, कारण तवा कुत्रं अंगानं चांगलं दांडगं झालेलं असते.

गावातला ठरलेला इलाज म्हणजे "थ्रेशरजवळ बांधून ठेव, होईल सवय". नाही होत. उलट या वयात बसलेली धास्ती लवकर निघत नाही, कुत्रं मग ट्रॅक्टरचा आवाज आला की दावं तोडून पळते.

समजा सोयाबीन काढणं सुरू आहे. पिल्लाला घेऊन धुऱ्यावर इतक्या लांब बसा की ते मशीनकडं पाहीन पण तुमच्या हातचं खाईन. खात नसन, शेपटी पोटाखाली गेली असन, ओठावरून सारखी जीभ फिरवत असन, झोप नसताना जांभया देत असन तं तुम्ही अजून जवळ आहात, उठा अन् मागं जा. मशीन घरघरली की उकडलेल्या अंड्याचा नाहीतर बिनमसाल्याच्या चिकनचा बारीक तुकडा द्या, थांबली की तुकडाही बंद. भाजीतली बोटी उचलून देऊ नका, कांदा कुत्र्याला विषारी असते. पाचेक मिनिटं झाले की घरी. पुढच्या वेळी जवळ जायचं का नाही हे पिल्लूच ठरवीन, साखळी ओढू नका.

पोळ्याचे ढोल अन् दिवाळीचे फटाके यायच्या कितीतरी आधी तेच आवाज मोबाईलवर अगदी बारीक लावा, सोबत खाणं, मग रोज जरासा मोठा करा.

जवळ घेतलं की कुत्रं भित्रं होते म्हणतात, काहीतरीच! ते स्वतःहून अंगाला चिकटलं तं चिकटू द्या, फक्त बाजेखालून ओढून काढू नका, अन् पोट्ट्यांनाही तिथं डोकावू देऊ नका, घाबरलेलं पिल्लू चावते.

लसी मात्र या भीतीपायी लांबवू नका, दवाखान्यात खाऊ घेऊन जा. अन् भेकडपणासोबत जेवण सुटलं, अंग तापलं, कानाला हात लावू देत नाही, गोचीड लय झाले, तं हे वयाचं नसून दुखण्याचं असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.