शांघायची फायनल आपल्या सभामंडपात: आधी करायची तयारी

डोटा २ या कॉम्प्युटर गेमची ‘द इंटरनॅशनल’ ही सर्वांत मोठी स्पर्धा यंदा ऑगस्टमध्ये शांघायला आहे. आमच्या देवगड तालुक्यातल्या वाडीत ती रवळनाथाच्या सभामंडपात सगळ्यांनी मिळून बघायची असं ठरलं आहे. गेल्या वर्षी, १४ सप्टेंबरच्या रविवारी, हॅम्बुर्गची फायनलही आम्ही तिथेच लावली होती. फाल्कन्स आणि एक्स्ट्रीम गेमिंग हे दोन संघ चार गेमनंतर दोन-दोन असे बरोबरीत आले, आणि पाचवा गेम सुरू होतो तोच लाईट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी पंखे चालवून आधीच उतरलेली. पाचवा गेम आम्ही अकरा जणांनी एका मोबाईलवर वाकून पाहिला. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. लाईट जाण्याच्या कितीतरी आधी मंडपातल्या आज्या, काकी, तात्या उठून घरी गेले होते. पडद्यावर काय चाललंय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. यंदाची तयारी या दोन्ही गोष्टींसाठी आहे, आणि दुसरी माझ्या लेखी मोठी आहे.

आधी वेळेचं बघा. शांघायचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. तिकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथे साडेसात. २०१२ ते २०१७ ही स्पर्धा सिएटलला व्हायची, तेव्हा ते आपल्यामागे साडेबारा तास असायचे आणि आम्ही कॉलेजची पोरं रात्रभर जागायचो. या वेळी सगळं दिवसाढवळ्या आहे, म्हणजे जागरण नाही; पण शेतात बेणणी चालू असेल आणि गणपतीच्या शाळेत मूर्ती रंगवायची घाई असेल. म्हणून सगळ्या दिवसांचं आमंत्रण देऊ नका. आधीचे सामने ज्याला हवे त्याने घरी बघावेत. मंडपात शेवटचा दिवसच लावायचा. वेळापत्रक आलं की आपल्या वेळेत लिहून देवळाच्या फळ्यावर आणि दुकानात एकेक कागद चिकटवा.

गुरव आणि मानकरी यांच्याशी महिनाभर आधी बोला, आणि बोलायला एकट्याने जाऊ नका, वाडीतलं एक मोठं माणूस बरोबर न्या. पूजा आटोपल्याशिवाय काही लावायचं नाही, गाभाऱ्यासमोरची वाट मोकळी ठेवायची, चपला बाहेर. टीव्ही ईशान्येच्या कोपऱ्यात नको, तिथे सकाळी ऊन येतं आणि पडद्यावर काळोखातलं काहीच दिसत नाही. आमच्याकडे पश्चिमेची भिंत बरी पडते, फक्त पावसाची झड त्याच बाजूने येते. तेव्हा ताडपत्री बाहेरून आदल्या दिवशीच ताणून बांधायची.

आता लाईट. पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की दुरुस्ती कधी होईल ते फांदीच्या आकारावर असतं, त्यामुळे लाईट जाणारच असं धरून चला आणि हिशेब कागदावर करा. १५० अँपिअर-अवरची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-अवर. त्यातले प्रत्यक्ष हाती लागतात बाराशेच्या आसपास. पंचावन्न इंची टीव्ही, लॅपटॉप, राउटर आणि स्पीकर मिळून सव्वादोनशे ते अडीचशे वॉट खातात. म्हणजे पाच तास. फायनल जास्तीत जास्त पाच गेमची असते. एक गेम साधारण चाळीस मिनिटांचा, त्यात प्रत्येक वेळचा ड्राफ्ट, म्हणजे गेमआधीची हिरोंची निवड, आणि मधली सुटी धरा, की पाचही गेम झाले तर पाच तास सहज होतात. त्यात दोन पंखे जोडले तर दीडशे वॉट आणखी, आणि पाचाचे तीन तास होतात. गेल्या वर्षी आमचं नेमकं हेच झालं. तेव्हा इन्व्हर्टरवर पंखा एकही नाही. पंख्यांसाठी मंडपवाल्याचा छोटा जनरेटर सांगून ठेवा, आणि तो मंडपापासून लांब, आवाज आणि धूर आत येणार नाही असा वाऱ्याच्या खालच्या अंगाला लावा. प्रोजेक्टरचा मोह टाळा. तो टीव्हीच्या दुप्पट वीज घेतो आणि दिवसा फिका दिसतो.

नेट दोन वाटांनी असायला हवं. एक फायबर, दुसरं वेगळ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट. एकाच कंपनीची दोन सिमं घेऊन उपयोग नाही, कारण टेकडीवरच्या टॉवरची बॅटरी संपली की दोन्ही एकदम जातात. नीट स्वच्छ चित्राला सहा एमबीपीएस लागतात, म्हणजे तासाला पावणेतीन जीबीच्या आसपास. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर फायनल बघायला बसू नका. याला एक चांगला पर्याय आहे, जो फार जणांना ठाऊक नसतो: डोटा खेळाच्या आतूनही सामना बघता येतो. तिथे व्हिडिओ येत नाही, कोण कुठे गेला आणि कुणी काय केलं एवढीच माहिती येते आणि चित्र आपला कॉम्प्युटर काढतो, त्यामुळे नेट अगदी थोडं लागतं. खेळ फुकट आहे, मात्र जागा ६० जीबी लागते आणि अपडेट कधीही येऊन पडतं. फायनलच्या सकाळी अपडेट उतरवत बसायची वेळ आली तर पहिला गेम हातचा गेला. खेळ ज्या स्टीम नावाच्या ॲपमधून उतरतो ते आदल्या रात्री उघडून बघून ठेवा. ज्याच्याकडे बरा ग्राफिक्स कार्डाचा कॉम्प्युटर आहे त्याला तो घेऊन यायला सांगा. बाकीच्यांनी ट्विच किंवा यूट्यूब.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते. खेळ मराठीत सांगणारं माणूस नेमा. दोन नेमा, कारण पाच तास एकाचा घसा टिकत नाही. आमच्याकडे माझी मामेबहीण आणि गणपतीच्या शाळेतला एक मुलगा आहेत. दोघं खेळतात, दोघांना मालवणी आणि मराठी दोन्ही सफाईने येतं. मूळ इंग्रजी समालोचनाचा आवाज कमी ठेवायचा, बंद करायचा नाही. मारामारी पेटली की तिथला ओरडा ऐकायला हवाच, आणि तेवढा वेळ आपल्या माणसाने गप्प बसायचं. सांगायचं ते आधी किंवा नंतर.

पुठ्ठ्याचा मोठा नकाशा रंगवून टीव्हीशेजारी टांगा. दोन टोकांना दोन घरं, मध्ये नदी, तीन वाटा. पाच विरुद्ध पाच. प्रत्येक वाटेवर एकामागे एक तीन बुरूज, ते पाडत आत जायचं आणि शेवटी समोरच्याचं मूळ घर, एन्शंट, फोडायचं. विजयदुर्गाची तिहेरी तटबंदी ज्याने बघितली आहे त्याला यापुढे समजवावं लागत नाही. एक गोष्ट मात्र ठासून सांगा, माणसं मारली म्हणून कुणी जिंकत नाही. २०१३ ची फायनल अलायन्स या संघाने ना’व्ही या संघाकडून ३-२ ने घेतली. पाचव्या गेममध्ये त्यांनी लढाई टाळून वेगवेगळ्या वाटांनी बुरूज पाडत नेले होते. हे उदाहरण दिलं की प्रेक्षकाची नजर मारामारीवरून नकाशावर जाते, आणि तिथून खरा खेळ दिसायला लागतो.

ड्राफ्टच्या वेळी लोक चहाला उठतात. उठू देऊ नका. शंभराहून जास्त हिरोंतून, म्हणजे खेळातल्या पात्रांतून, कर्णधार आळीपाळीने पाच निवडतात, आणि त्याहून जास्त बाद करतात, म्हणजे समोरच्याला घेताच येणार नाहीत असे. तात्यांना हे मी नंतर दशावताराच्या भाषेत सांगितलं. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, रंगपटात कोण काय करणार ते ठरतं, आणि संवाद पुढे पटावर उभे राहतात. इथेही तसंच, फक्त समोरचं मंडळ तुमचा राजपार्टी आधीच काढून घेऊ शकतं. तात्यांनी लगेच विचारलं, “मग उरल्यात तेंच्यात नाटक उभा करूचा लागता?” मी हो म्हटलं. त्या दिवसापासून ते ड्राफ्टची वाट बघतात.

आजीचा प्रश्न वेगळा होता आणि तो हमखास येणार, उत्तर तयार ठेवा. “मेलो तो परत इलो कसो?” मेलेला हिरो काही वेळाने परत उभा राहतो, खेळ जसा लांबतो तशी ही वाट बघणं वाढत जातं आणि तेवढा वेळ संघ चारावर खेळतो. घाई असेल तर जमवलेलं सोनं मोजून ताबडतोब परत येता येतं, त्याला बायबॅक म्हणतात, पण एकदा वापरला की पुढची आठ मिनिटं तो मिळत नाही. सोनं शिल्लक नसताना मेला तर घर उघडं पडलं. आणि नदीकाठच्या खोबणीत रोशन नावाचा राक्षस आहे. त्याला मारणाऱ्या संघाला एजिस मिळते. ती ज्याच्याकडे असेल तो मेला तरी तिथल्या तिथे पुन्हा उठतो. तीही पाच मिनिटांची. रोशनभोवती दोन्ही संघ घुटमळायला लागले की समालोचकाने सगळ्यांना नीट बसायला सांगावं.

संघात सोनं आधी कुणी घ्यायचं त्यावरून पहिला ते पाचवा असे खेळाडू धरतात. त्यातल्या पाचव्याकडे बोट दाखवायला विसरू नका. तो सगळ्यांत गरीब असतो. सोनं पहिल्यासाठी सोडतो, नजर ठेवायला अंधारात वॉर्ड लावत फिरतो, आणि पहिल्याला वाचवायला स्वतः मरतो. आमच्या काकींना संपूर्ण खेळात तोच आवडला.

माणसांच्या गोष्टी सांगा, संघांच्या नावांनी कुणाला काही वाटत नाही. वांग चुन्यू, खेळातलं नाव अमे, चीनचा. २०१८ ला व्हँकुव्हरला फायनल हरला, २-३. २०२१ ला बुखारेस्टला हरला, २-३. गेल्या वर्षी हॅम्बुर्गला पुन्हा, २-३. तीन फायनल, तिन्ही पाचव्या गेमपर्यंत गेलेल्या. हे सांगितलं की मंडपात शांतता होते. “बक्षीस किती?” हेही कुणीतरी विचारेलच. २०११ ला कोलोनला पहिली स्पर्धा झाली तेव्हा एकूण सोळा लाख डॉलर होते आणि त्यातले दहा लाख जिंकणाऱ्या ना’व्हीला मिळाले. २०२१ ला रक्कम चार कोटी डॉलरवर गेली, कारण तेव्हा खेळणाऱ्यांच्या खरेदीतला चौथा हिस्सा बक्षिसात पडायचा. पुढे ती पद्धत बदलली आणि रक्कम बरीच खाली आली. “आपले कोण आसत?” याचंही उत्तर द्या. २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या डोटा संघाने न्यूझीलंडला हरवून कांस्यपदक आणलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या सरकारने ई-स्पोर्ट्सला खेळांत धरलं. मुलांच्या आईवडिलांसमोर हे जरूर बोला.

पैजा नकोत. दहा रुपयांचीही नको. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान दिला आणि पैशांच्या खेळांवर बंदी आणली, हा फरक आपल्या मंडपात पुसला जाता कामा नये. शिवाय ते देऊळ आहे.

खाण्याचं सोपं आहे. श्रावण असेल, देवळात मासळी नाहीच. सकाळी घावणे आणि चटणी, दुपारी काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव, चहा सतत. स्वयंपाकाला बायकांनाच जुंपलं तर त्या सामना कधी बघणार? घावणे घालायच्या पाळ्या पोरांनी वाटून घ्याव्यात आणि नावं फळ्यावर लिहावीत.

मोबाईल एका टोपलीत. मंडपातलं चित्र खेळाच्या मागे असतं, आणि कुणाच्या तरी खिशात निकाल आधी वाजतो. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी फोन जवळ ठेवावा, फक्त मेसेज उघडू नयेत.

शेवटचं काम आठवडाभर आधीचं, रंगीत तालीम. २०१८ ची ओजी विरुद्ध पीएसजी.एलजीडी ही फायनल यूट्यूबवर पूर्ण आहे. ती मंडपात लावायची, दोन्ही समालोचकांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलायचं, आणि आज्या-काकींनी जिथे कळलं नाही तिथे हात वर करायचा. ते प्रश्न कागदावर उतरवून घ्यायला मी बसणार आहे. मध्येच कधीतरी मेन स्विच पाडून इन्व्हर्टर, हॉटस्पॉट आणि जनरेटर यांची परीक्षा घ्यायची आहे. तो तात्या पाडणार आहेत, आणि कितव्या गेमला ते आम्हाला सांगणार नाहीत.