जुन्या डेस्कटॉपसाठी रॅम घेण्याआधी

हौसेने रॅम आणली आणि ती स्लॉटमध्ये बसलीच नाही, असं पुष्कळांचं होतं. डीडीआर२ आणि डीडीआर३ हे रॅमचे दोन प्रकार, दोन्हींना २४० पिना. खाच मात्र वेगळ्या जागी. म्हणून अंदाजाने घेऊ नका.

१. पीसी बंद करा, वायर काढा, कॅबिनेट उघडून आधीच्या रॅमवरच्या स्टिकरचा फोटो काढा. ‘पीसी३-१२८००’ म्हणजे डीडीआर३, वेग १६००. रॅमचा प्रकार सांगायला हाच फोटो पुरतो.
२. रिकामे स्लॉट मोजा.
३. मदरबोर्डच्या मॉडेल नंबरवरून कमाल मर्यादा बघा.

विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वर रॅम टाकून उपयोग नाही. आणि सर्व्हरमधली रजिस्टर्ड रॅम कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, साध्या डेस्कटॉपवर ती चालत नाही.